शून्य कॅश मिस

मोजमाप करणाऱ्या माणसाला आपल्याकडे फार मान. मोजणीवाला बांधावर उभा राहिला की एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा त्याच्यासाठी चहा मागवतात. असा मान आपल्यालाही मिळावा, ही माझी जुनी इच्छा. पण जमीन मोजायची तर उन्हात हिंडावं लागतं. म्हणून मी प्रोसेसर मोजायचं ठरवलं. ते काम पडेगावात घरी बसून, पंख्याखाली होतं.

माझी कंपनी पुण्यात. पडेगाव कुठे, असं तिथलं कुणी विचारलं की मी सांगतो, छावणी संपली की दौलताबाद-वेरूळच्या रस्त्याला. त्यावर ते आदराने म्हणतात, म्हणजे तुम्ही लेण्यांजवळ काम करता! त्यांच्या मनात मी मांडी घालून बसलेलो असतो. मीही तो गैरसमज दूर करत नाही.

प्रोसेसरच्या पोटातच मोजणीची सोय असते. इंटेलने १९९३च्या पेंटियममध्ये असे दोन काउंटर बसवले आणि त्यांचा तपशील गुप्त ठेवला. तेर्ये माथिसेन नावाच्या नॉर्वेच्या प्रोग्रामरने तो खणून काढला आणि १९९४ साली ‘बाइट’ मासिकात छापला. आता गुपित उरलेलं नाही, पण काउंटरही फारसे वाढलेले नाहीत. माझ्या मशीनमध्ये हायपरथ्रेडिंग चालू असताना प्रत्येक लॉजिकल कोअरच्या वाट्याला हवं ते मोजणारे चार काउंटर येतात आणि ठरलेलं तेवढंच मोजणारे तीन. मोजण्यासारख्या घटना मात्र शेकड्यांनी.

हे मशीन म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निवृत्त होऊन आलेलं वर्कस्टेशन. त्याचा मुक्काम गव्हाच्या कोठीवर. त्यावर लिनक्स, आणि त्याच्या आत केव्हीएमच्या जोरावर चालणारी दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम. एक माझं, कंपनीच्या कामाचं. दुसरं भाच्याचं. भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्याकडेच राहतो. मशीनचा मालक मी, पण होस्टचा, म्हणजे बाहेरच्या खऱ्या मशीनचा, रूट पासवर्ड त्याच्याकडे असतो. मागे एका अपडेटनंतर मशीन उठेना, ते त्याने उठवलं. घरातलं सत्तांतर असंच कोठीघरात होतं आणि त्याची कुठे बातमी येत नाही.

तर झालं असं, की माझा एक प्रोग्राम फार रेंगाळतो अशी तक्रार आली. संशय कॅश मिसवर होता. लागणारा डेटा जवळच्या कॅशमध्ये सापडला नाही की प्रोसेसरला लांब मेमरीपर्यंत हेलपाटा पडतो. मी माझ्या व्हीएममध्ये मोजणीचं साधन ‘पर्फ’ चालवलं, तर सपोर्टच नाही म्हणालं. भाच्याने होस्टवर सेटिंग बदलून दिलं आणि आकडे धडाधड दिसू लागले. कॅश मिस ढिगाने. मग मी डेटाची मांडणी उलटीपालटी केली आणि रात्री उशिरा पुन्हा मोजलं.

कॅश मिस: शून्य.

असं शून्य दिसलं की शहाणा माणूस तार तपासतो. मी कॉलर ताठ केली. खालच्या ओळीत सायकलीही शून्य होत्या. म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एकही ठोका न घेता माझ्या प्रोग्रामने अब्जावधी इन्स्ट्रक्शन पार पाडल्या होत्या. हा आकडा मी स्लाइडवर घेतला नाही. लोकांना अतिशयोक्ती वाटली असती.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या गुलमंडीवरून इमरती आणली. बायको म्हणाली, “पगार वाढला?”

“कॅश मिस शून्यावर आणले.”

“म्हणजे प्रोग्राम आता लवकर होतो?”

“नाही. वेळ तेवढाच लागतो.”

“मग इमरती कशाची?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून विषय तिला समजण्यासारखा नाही असं मी मनाशी ठरवलं. मीटिंगमध्ये आमच्या लीडनेही नेमकं हेच विचारलं. त्याला मात्र तसं म्हणता येईना. मी म्हणालो, “सर, वेळ तेवढाच आहे, पण आता तो वाया जात नाही.” सगळे गंभीरपणे लिहून घेऊ लागले.

भांडं फुटलं ते रात्री जेवताना. भाचा वरणात पोळी कुस्करत म्हणाला, “मामा, कालपासून माझं प्रोजेक्ट होस्टवर चाललंय. सगळ्या व्हीएमचं मोजमाप बाहेरून. चारही काउंटर मी घेतलेत, तुम्हाला काही अडचण नाही ना?”

माझा घास घशात अडकला. तो समजावू लागला. केव्हीएममध्ये गेस्टच्या, म्हणजे आतल्या व्हीएमच्या, हाती खरा काउंटर पडतच नाही. गेस्टने मागितला की होस्टचं कर्नल त्याच्या वतीने पर्फकडे अर्ज करतं. ही व्यवस्था २०१२पासूनची. अर्जांची रांगही ठरलेली. अख्ख्या प्रोसेसरसाठी राखून ठेवलेली मोजणी आधी, एखाद्या प्रोसेससाठी राखलेली त्यानंतर, बिनराखीव सगळ्यात शेवटी. गेस्टचा अर्ज दुसऱ्या रांगेत. भाच्याने आपल्या घटनांच्या नावापुढे कोलन देऊन ‘डी’ हे अक्षर लावलं आणि तो थेट पहिल्या रांगेत जाऊन बसला. सायकली मोजणारा ठरलेला काउंटर कर्नलच्या वॉचडॉग नावाच्या पहारेकऱ्याने आधीच अडवलेला. इन्स्ट्रक्शनचा काउंटर तेवढा मोकळा राहिला, म्हणून तेवढाच आकडा खरा आला.

“पण मग मला तसं सांगायला नको?” मी ओरडलो.

तिथेच खरी मेख होती. होस्टवर काउंटर कमी पडले तर पर्फ आळीपाळीने मोजतं आणि आकड्याशेजारी टक्केवारी छापतं, की प्रत्यक्ष एवढाच वेळ मोजलं, बाकी हिशेबाने वाढवलंय. गेस्टमधल्या पर्फला मात्र आपण कुणाच्या वाट्यातलं वापरतोय याचा पत्ताच नसतो. आमच्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. घरमालकाने खालून व्हॉल्व्ह बंद केला, तरी वरच्या भाडेकरूचा नळ निदान फुसफुसतो. माझा काउंटर तेवढंही करायला तयार नव्हता. शून्य म्हणाला, आणि टक्केवारी न छापता, म्हणजे पूर्ण वेळ मोजल्याच्या थाटात म्हणाला.

“यावर उपाय?”

“आहे ना. इंटेल आणि गूगलच्या इंजिनिअरांनी २०२४मध्ये नवी पद्धत मांडली. गेस्ट चालू असेपर्यंत काउंटर खरोखर त्याच्या ताब्यात द्यायचे, तो थांबला की होस्टने परत घ्यायचे. फक्त मग गेस्टच्या आत काय चाललंय ते होस्टला मोजता येत नाही. म्हणजे तुम्हाला दिसावं म्हणून मी आंधळं व्हायचं.”

“सख्ख्या मामासाठी एवढं नाही करणार?”

“सबमिशन झाल्यावर बघू. आणि मामा, आत्ताच्या पद्धतीत गेस्टने काउंटरचं सेटिंग बदललं की दरवेळी होस्टकडे यावं लागतं. म्हणजे मोजल्यामुळेसुद्धा प्रोग्राम हळू होतो.”

माझे कान टवकारले. “म्हणजे मी मोजणं बंद केलं तर तो वेगात चालेल?”

“थोडासा.”

मी ताबडतोब मोजणं बंद केलं. या सगळ्या प्रकरणात प्रोग्रामचा वेग माझ्या हातून खरोखर वाढला तो तेवढाच.

सकाळी लीडला सगळं कळवायला मी लॅपटॉप उघडला, तर त्याचीच मेल येऊन पडलेली. क्लायंटला स्लाइड फार आवडली. शून्य कॅश मिसची पद्धत शुक्रवारी इतर टीमना प्रत्यक्ष चालवून दाखवावी.

मी कोठीघरात गेलो. “अरे, तुझं प्रोजेक्ट शुक्रवारपर्यंत चालणार ना?”

“नाही हो मामा. गुरुवारी सबमिशन. बुधवारी रात्रीच बंद करतो.”

“एक दिवस वाढव. सकाळचा एक तास दे फक्त.”

त्याने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, “गुलमंडीला जाणार आहात?”

“जाईन की. किती इमरती आणू?”

“चार,” तो म्हणाला. “आणि राखीव.”