विरारच्या आत्यांतला साबुदाणा

आमच्याकडे साबुदाणा विरारच्या आत्यांत असतो. तूरडाळ बँकेत, पोहे वास्तुशांतीत आणि हरभऱ्याची डाळ, का कोण जाणे, दोन ठिकाणी: थोडी मुंजीत, थोडी नागपूरच्या मामींत. नवख्या पाहुण्याला वाटतं, या घरात कोणाचं तरी डोकं फिरलेलं आहे. पण स्टीलच्या डब्यांवर नावं घालायची पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना लगेच उलगडा होईल. लग्न असो, मुंज असो, आहेर म्हणून डबा द्यायचा आणि भांड्यांच्या दुकानातल्या माणसाकडून त्यावर टिंबाटिंबांनी नाव, निमित्त आणि तारीख कोरून घ्यायची. आत काय भरायचं ते ज्याचं त्याने बघावं. सासरे बँकेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेल्या डब्यावर ‘पुढील आयुष्य सुखाचे जावो’ असं आहे. वरण लावताना मी ते रोज वाचते.

हे सगळं खातं माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आईंचं. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी एकही डबा दुसऱ्याला दिला नाही आणि एकही रिकामा ठेवला नाही. रिकामा डबा दिसला की त्यांना करमत नाही. त्यात निदान चार आमसुलं तरी पडतात. त्यात दर जानेवारीला हळदीकुंकवातून वाण म्हणून नवे पिटुकले प्लास्टिकचे डबे येत राहतात. त्यांत बसेल इतकी छोटी वस्तू स्वयंपाकघरात एकच, जायफळ. आमच्याकडे जायफळं फार झाली आहेत.

आणि जागा किती, तर डोंबिवलीतल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात असते तितकी. ओट्याखाली ट्रॉल्या, वर माळा. लहानपणी सांगलीला आमच्याकडे कोठीची वेगळी खोली होती आणि तिच्यात दिवसासुद्धा दिवा लावून जावं लागे. इथे तो सगळा अंधार ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात गोळा झाला आहे.

यंदा मे महिन्यात लेक बंगळुरूहून सुट्टीवर आली, ती खोकं घेऊनच. खोक्यात काचेच्या चौकोनी बरण्या, त्यांना बांबूची झाकणं, आणि नावाच्या पट्ट्या छापायचं हाताएवढं यंत्र. व्हिडिओत तिने म्हणे एका बाईची कोठी पाहिली होती, सगळ्या बरण्या एका उंचीच्या आणि सगळ्या गळ्यापर्यंत भरलेल्या. (त्या बाई स्वयंपाक कधी करतात, हे त्या व्हिडिओत नव्हतं.)

“आई, कुठे काय आहे ते दिसायला नको का?”

“दिसतं की,” मी म्हटलं. “आजींना दिसतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे डबे हॉलमध्ये आले. आई सोफ्यावर बसून बघत होत्या. बोलत काहीच नव्हत्या, हे वाईट लक्षण.

डाळी-कडधान्यांपर्यंत ठीक चाललं होतं. घोटाळा पिठांपाशी झाला. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, चकलीची भाजणी, कुळथाचं पीठ, नाचणीचं पीठ, डांगराचं पीठ आणि मेतकूट. डबे उघडून ओळीने ठेवले की धुळीच्या सगळ्या छटा समोर येतात. लेकीने वास घेतला, चिमूट तोंडात टाकली, माझ्याकडे बघितलं. मी वास घेतला. धन्याचा आला, म्हणजे थालीपिठाची. पुढच्या डब्यालाही धन्याचाच आला. तेवढ्यात हे आले आणि बोट बुडवून म्हणाले, “नाचणी.” ते मेतकूट होतं. यांच्या शब्दाला या विषयात किंमत नाही. मी माहेरी गेले असताना त्यांनी मेतकुटाचं थालीपीठ थापायचा प्रयत्न केला होता. ते तव्यावर जाऊन तव्याचंच झालं.

यंत्रातून पट्ट्या निघू लागल्या. आधीच्या ठाम होत्या: ‘मूगडाळ’, ‘मटकी’. मग ‘पीठ, बहुतेक कुळीथ’. मग ‘पीठ १’ आणि ‘पीठ २’. शेवटच्या बरणीवर लेकीने न बोलता ‘आजीला विचारा’ चिकटवलं.

आजीला विचारलं. त्यांनी जागेवरून न उठता, दोन बोटांत पीठ चोळून सातही सांगितली.

मग निघाले टोके. तांदळाच्या डब्यात बोरिक पावडर लावायची राहिली होती, त्यामुळे वरच्या थरात सोंडवाले काळे जीव आरामात हिंडत होते. लेक किंचाळली. तिचं म्हणणं, हवाबंद बरणीत हे होणार नाही. मला तिचा विश्वास आवडला, पण टोके बाहेरून बरणीत शिरत नाहीत, ते तांदळाबरोबरच येतात. मादी दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत अंडं घालते आणि वरून भोक लिंपून टाकते. अळी दाण्याच्या आत वाढते, टोका झाला की बाहेर. आपण हौसेने झाकण घट्ट लावतो तेव्हा मंडळी आधीच आत असतात. काचेच्या बरणीचा फायदा इतकाच, की आता त्यांचा संसार बाहेरून दिसतो.

खरं हवाबंद काय असतं ते माझ्या माहेराजवळच्या हरिपुरात बघावं. हळद साठवायची पेवं, म्हणजे जमिनीतले खोल खड्डे, वरून तोंड पक्कं बंद. आतली हवा संपली की किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. २००५ च्या महापुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. पेव उघडलं तरी कोणी लगेच आत उतरत नाही. आधी कंदील सोडून बघतात, विझला तर थांबायचं. आमच्या कोपऱ्यातल्या ट्रॉलीलाही हाच नियम लावावा असं मला फार दिवस वाटतं.

बाकी घरातले उपाय आईंचे: तूरडाळीला एरंडेल, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि बिब्बे, तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे, साखरेत लवंगा. तिखटाची बरणी चिनी मातीची, कारण उजेडात तिखटाचा रंग उडतो. लेकीने ते काचेत भरायला घेतलं तेव्हा आई पहिल्यांदा सोफ्यावरून उठल्या.

खरी जुंपली ती पुढे. लेक म्हणाली, “आजी, गोदामाचा नियम आहे, आधी आलेला माल आधी वापरायचा. हे तांदूळ गेल्या वर्षीचे, ते आधी संपवू.”

“जुने आहेत म्हणून तर ठेवलेत,” आई म्हणाल्या. “नव्याचा भात गिच्च होतो. पाहुणे आले की जुने काढायचे.”

“आणि हा गूळ?”

“तोही जुना. औषधाला.”

“ही चिंच तर काळी पडलीय!”

“तीच चांगली.”

लेकीने यंत्र बाजूला ठेवलं. तिच्या गोदामात जे आधी बाहेर जायचं, ते आईंच्या राज्यात मानाने मागे बसलेलं असतं.

तिने मला हळूच विचारलं, “पण तीन माणसांना इतकं लागतं कशाला?” याचं उत्तर आईंनीच दिलं. त्यांचं माहेर आटपाडीकडचं. ७२ च्या दुष्काळात त्या विशीत होत्या. घरातली ज्वारी संपली, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली, तिची भाकरी धड थापली जायची नाही आणि घशाखाली उतरायची नाही. त्यांचे वडील पागोटं काढून खडी फोडायला गेले होते, तिथे दुपारी सुकडी मिळायची. त्यातली अर्धी ते घरी आणत. हे सांगताना आईंचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. लेक काही बोलली नाही. पाच मिनिटांनी मात्र ‘गूळ’च्या पट्टीखाली ‘जुना, औषधाला’ अशी दुसरी पट्टी लागली होती.

संध्याकाळपर्यंत बरण्या रांगेत उभ्या राहिल्या. खरंच देखणं दिसत होतं. मी शेजारणीला बोलावून दाखवलं. विरारच्या आत्या, बँक, मुंज सगळे धुऊन-पुसून माळ्यावर गेले. माळ्यावर आधी जे होतं ते पलंगाखाली गेलं. पलंगाखालचं कुठे गेलं याची चौकशी मी केलेली नाही.

आणि साडेसातला बेल वाजली. दारात टेम्पोवाला, मागे दोन हमाल.

“काकू, गहू कुठं उतरवू?”

आईंनी नेहमीप्रमाणे एप्रिलमध्येच वर्षाचा गहू सांगून ठेवला होता. लोकवन, एक क्विंटल, पन्नास-पन्नास किलोची दोन पोती. लेकीने आपल्या सगळ्यात मोठ्या बरणीकडे पाहिलं. तिच्यात दोन किलो मावतं, तेही हलवून हलवून भरलं तर.

पोती हॉलमध्ये, टीव्हीशेजारी उभी राहिली. उन्हं देऊन कोठीत भरेपर्यंत ती तिथेच राहणार होती, आणि कोठी आता माळ्याच्या आत सगळ्यांच्या मागे होती. लेक थोडा वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग यंत्र उचललं, कटकट वाजवलं आणि दोन्ही पोत्यांवर एकेक पट्टी चिकटवली.

आईंनी चष्मा लावला आणि वाकून वाचलं.

“गहू,” त्या म्हणाल्या. “बरं झालं बाई, लिहिलंस ते. मी रात्रभर टीव्हीच समजत बसले असते.”