अंगाबरहुकूम सायकल

सदाशिवरावभाऊ १७६० मध्ये उदगीरला आले, त्यांनी निजामाला हरवलं आणि पुढं निघून गेले. त्यांच्या घोड्याच्या रिकिबीचे पट्टे त्यांच्या पायांच्या लांबीनं बांधलेले असणार. त्यानंतर दोनशे-सव्वादोनशे वर्षं, म्हणजे माझं शिक्षण होईपर्यंत, आमच्या गावात माणसाच्या मापाचं वाहन आलं नाही. बैलगाडीला आपलं माप लागत नाही, आणि सायकलीला जे माप होतं ते आमचं नव्हतं.

सायकल दोन मापांत मिळायची, बावीस आणि चोवीस. हे आकडे इंचांतले, आणि ते चाकाचे नसून सीटखालच्या उभ्या नळीचे, ही गोष्ट फक्त मिस्त्रीला ठाऊक. चाक दोन्हींना अठ्ठावीसचंच. पैसे वडील मोजत, त्यामुळं घरात चोवीसचीच यायची. ‘पोरगं वाढतंय’ हे त्यामागचं शास्त्र. शाळेची चड्डीही त्याच शास्त्रानं शिवली जायची, पण चड्डीला निदान नाडी असायची. सायकल चालवताना आम्ही नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो. अंग एका बाजूला इतकं कलतं असायचं, की दुसऱ्या बाजूनं बघणाऱ्याला सायकल एकटीच चालल्यासारखी वाटायची. मी वाढेन या भरवशावर घेतलेल्या त्या सायकलीच्या उंचीला मी शेवटपर्यंत पोचलो नाही.

त्या सायकलींच्या मजबुतीबद्दल मात्र दुमत नाही. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. एकीवर दुधाचे कॅन, दुसरीवर ज्वारीचं पोतं, आणि दोन्हींवर वरून एखादा पाहुणा. असल्या जनावराकडं ‘मला बसतेस का’ असं कोण विचारणार? त्याही आधी, १८८८ मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं होतं. तिथून ते नांगराकडं आणि पंपाकडं गेले. मराठी माणसाच्या कारखानदारीची सुरुवात सायकलीपासून झाली खरी, पण पायांची लांबी मोजायला थांबायला तिला सवड मिळाली नाही.

हा सगळा अनुशेष भरून काढायचं मी गणिताच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर ठरवलं. एक जुन्या घाटाची रेसर सायकल स्वतः जुळवायची, वाकड्या हँडलची, पोलादी फ्रेमची. इटलीत टस्कनी भागात १९९७ पासून अशा सायकलींची एक जत्राच भरते, लेरोइका नावाची. तिचे नियम मी वाचले. सायकल १९८७ च्या आधीची हवी, गिअरच्या कळा तिरक्या नळीवर हव्यात, ब्रेकच्या तारा हँडलच्या बाहेरून दिसायला हव्यात, आणि फेरी मातीच्या रस्त्यांवरून. मातीचे रस्ते ते लोक मुद्दाम जपून ठेवतात म्हणे. मराठवाडा जगाच्या किती पुढं आहे, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या मिस्त्रीचाचांनी बेत शांतपणे ऐकला. बीडीची राख झटकली आणि म्हणाले, ‘‘सर, पैले खुद का नाप लेके आओ. नळी बाद में ढुंडेंगे.’’

माप घ्यायची रीत अशी. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, पायांत वीतभर अंतर ठेवायचं, आणि जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये घेऊन, त्याचा कणा वर ठेवून, सायकलच्या सीटइतक्या निर्दयपणे वर दाबायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर खूण करायची आणि जमिनीपासूनचं अंतर मोजायचं. २०२२ मध्ये ९५ वं साहित्य संमेलन आमच्या उदगीरला झालं, तेव्हा ग्रंथप्रदर्शनातून घेतलेला एक समीक्षाग्रंथ कपाटात कोराच होता. या कामाला तो फार उपयोगी पडला. समीक्षा एवढ्या जवळून मी प्रथमच अनुभवली.

‘‘काय करलालाव हे?’’ बायकोनं दारातून विचारलं.

‘‘पायांची लांबी मोजतोय.’’

‘‘या वयात वाढलालेत का काय?’’

लांबी भरली ७८ सेंटिमीटर. तिला ०.६६ नं गुणलं की फ्रेमचं माप येतं, सुमारे साडेएक्कावन्न. ०.८८३ नं गुणलं की क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची येते, ६८.९. हा दुसरा आकडा सिरिल गिमार या फ्रेंच प्रशिक्षकाचा, आणि तो जगभर नेला सायकलपटू ग्रेग लेमाँडनं. वडिलांची चोवीस इंची सायकल म्हणजे जवळजवळ ६१ सेंटिमीटर. मी आयुष्याची उमेदीची वर्षं साडेनऊ सेंटिमीटर जास्तीच्या सायकलवर काढली, हे गणितानं सिद्ध झालं. कंबरदुखीचा कुळाचार माझ्यापुरता तरी उलगडला.

फ्रेम शोधायला हैदराबादला गेलो. जुन्या सामानाच्या बाजारातला दुकानदार एकेक फ्रेम काढून दाखवी आणि ती हटकून मोठीच निघे. ‘‘बडी लेव साब, जिंदगीभर चलती.’’ वडील गेले, पण शास्त्र शाबूत होतं. अखेर ढिगाच्या तळाशी ५२ ची एक सापडली. रंगाचे इतके थर, की मूळची कंपनी खरवडूनही कळली नाही. गाडीत ती मांडीवर घेऊन मी उदगीरला आलो. शेजारच्या बाईंनी अख्ख्या प्रवासात फक्त एकच प्रश्न विचारला : ‘‘बाकीची चोरीला गेली का?’’

मग चाकांचा प्रश्न आला. टायर मागवला त्यावर २८ छापलेलं, चाचांकडच्या रिमवरही २८, आणि दोघांची गाठ पडेना. आपल्या साध्या सायकलीच्या २८ ला टायर जिथं बसतो तो व्यास ६३५ मिलिमीटर. रेसरच्या ‘७०० सी’लाही २८ च म्हणतात, पण तो ६२२. आणि माझ्या फ्रेमच्या काळच्या कित्येक रेसर सायकलींना लागतं २७ इंची चाक, त्याचा व्यास ६३०. म्हणजे २७ हा एका २८ पेक्षा लहान आणि दुसऱ्या २८ पेक्षा मोठा. जन्मभर गणित शिकवून हे मला ठाऊक नव्हतं. चाचा म्हणाले, ‘‘सर, ये हिसाब बच्चों कू नक्को बोलो.’’

सायकल उभी राहिल्यावर खरी मापामापी सुरू झाली. सीट वर-खाली करता येते, थोडी पुढं-मागंही सरकते. हँडलचा खांब उचलता येतो. आडव्या नळीची लांबी मात्र जन्मजात, तिथं फक्त स्टेम, म्हणजे हँडल पुढं धरणारा दांडा, बदलणं हाती असतं. चाचांनी कोपर सीटच्या टोकाला लावायला सांगितलं. बोटं हँडलपर्यंत पोचली नाहीत, तेव्हा लांब स्टेम काढून आखूड बसवला. एडी मर्क्सलाही हा मापामापीचा रोग होता. मोठमोठ्या शर्यती जिंकणारा हा बेल्जियन माणूस भर शर्यतीत खिशातला पाना काढून सीटची उंची बदलायचा. १९६९ मध्ये ब्लुआच्या ट्रॅकवर पडल्यापासून त्याच्या कमरेचं जुळतच नव्हतं. आमच्या चाचांनी मर्क्सचं नाव ऐकलेलं नाही, पण हा किस्सा ऐकून त्यांनी मला पाना खिशात ठेवायला सक्त मनाई केली.

एक अडचण तरीही राहिली. पायडल वर आलं की गुडघा पोटाला भेटायचा. गिमारचं सूत्र मी पुन्हा तपासलं. त्यात पाय आहेत, पोट नाही. त्याच्या पोरांना ते नव्हतंच. चाचांनी हँडल दोन बोटं उचललं आणि बाकीचं काम माझ्यावर सोपवलं.

पहिली मोठी फेरी देवर्जनच्या हत्तीबेटापर्यंत केली. वाटेत प्रत्येक टपरीवर थांबवून मला कुणी ना कुणी सांगत होतं, की हँडल उलटं बसलंय. एकानं तर ते सरळ करून द्यायला पाना आणला. खाली वाकून नळीवरची कळ ओढली की लोकांना वाटायचं, सरांचं काहीतरी पडलं. पण अंग कसं ठिकाणावर होतं! कंबर गप्प, मान गप्प, तळहात गप्प. इतक्या वर्षांत एखाद्या यंत्रानं मला ‘जरा जुळवून घ्या’ म्हटलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

या सुखाचा खरा लाभ मला नंतर कळला. आमच्याकडं सायकल कधीच एकट्याची नसे. ‘जरा चौकापर्यंत’ म्हणून नेलेली सायकल दुसऱ्या दिवशी मुक्रमाबादहून परत यायची. या सायकलीचं तसं नाही. पुण्याहून आलेल्या उंच भाच्यानं ती मागितली, गुडघे हँडलवर आपटून घेतले आणि परत दिली. शेजाऱ्याचा मुलगा बसला, त्याचे पाय पायडलपर्यंत पोचेनात. मापाची वस्तू असली की कुणाला नाही म्हणावं लागत नाही, ती स्वतःच म्हणते. मराठवाड्यासारख्या मागून नेण्याच्या प्रदेशात याला चैन म्हणतात.

मात्र गेल्या महिन्यात समोरच्या घरात बदलीवर आलेला एक साहेब राहायला आलाय. माणूस मोठा गोड, उंचीला बरोबर माझ्याएवढा, पोटही तेवढंच. बोलता बोलता म्हणाला, सायकलिंग सुरू करायचंय. मी त्याला पोहण्याचे फायदे समजावून सांगितले.