वर्षावनाचा सातबारा

मराठवाड्यात झाड म्हणजे पत्ता. ‘लिंबापासून डाव्या हाताला वळा’ असं सांगितलं की माणूस बरोबर पोचतो, कारण तेवढ्या टप्प्यात लिंब एकच असतो. बांधावरच्या एका बाभळीपायी सख्खे भाऊ वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात आणि तारखेला जाताना त्याच बाभळीच्या सावलीत एसटीची वाट बघतात. माझी हयात महसूल खात्यात गेली. फेरफार, पंचनामे, पैसेवारी. त्यामुळे झाड दिसलं की ते किती सुंदर आहे हे नंतर सुचतं. आधी विचार येतो, हे कोणाच्या गटात येतं?

असा माणूस निवृत्त होऊन लेकीकडे सिंगापूरला राहायला गेला आणि वर्षावनात शिरला, तर त्याने करावं काय?

तिथे बुकित तिमा नावाची टेकडी आहे. उंची १६३ मीटर, आणि एवढ्या भांडवलावर ती देशातलं सगळ्यात उंच नैसर्गिक ठिकाण म्हणून मिरवते. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. म्हणजे सिडकोतला आमचा सोफाच त्या शिखराहून तिपटीने उंच. पण ही गुडघ्याला पट्टा बांधून, सोबत दशम्या घेऊन, पूर्ण गिर्यारोहणाच्या तयारीत आलेली.

“अहो, आत वाघ नाहीत ना?”

“होते,” मी म्हणालो. “१८५४ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस इथे किडे गोळा करत हिंडत होता, तेव्हा वाघ होते. आता माकडं आहेत.”

“मग पिशवी तुम्ही धरा.”

हा वॉलेस मला फार जवळचा वाटला. दोनेक महिन्यांत, जेमतेम चौरस मैलभर जंगलातून, त्याने भुंगेऱ्यांच्या सुमारे ७०० जाती नोंदवल्या. इतकी बारीक पीकपाहणी आमच्या तालुक्यात कोणी केल्याचं स्मरत नाही. बहुतेकदा ती चावडीत बसूनच व्हायची.

आत गेल्यावर माझं पहिलं भांडण झालं ते नातीशी. तिच्या शाळेची सहल तिथे येऊन गेलेली, त्यामुळे माहिती तिच्याकडे आणि वय माझ्याकडे. मान मोडेपर्यंत वर गेलेल्या एका खोडापाशी मी विचारलं, “हे कशाचं झाड?”

“सेराया, आबा.”

“याचं काय करतात?”

“इथे काहीच नाही करत.”

“फळ खातात? काढा करतात? निदान देवाला तरी चालतं का?”

“आबा, ते नुसतं आहे.”

नुसतं आहे! आमच्याकडे नुसतं असायची परवानगी फक्त निवृत्त माणसाला असते, आणि तीही दूध आणायच्या वेळेपर्यंत. तिने पुढे सांगितलं की ही झाडं दरवर्षी फुलत नाहीत. काही वर्षं गप्प राहतात आणि मग एखाद्या साली सगळी मिळून एकदम फुलतात. बिया इतक्या पडतात की खाणारे खाऊन दमतात आणि उरलेल्या रुजतात. अशा जंगलाची पैसेवारी काढायची कशी? चार-पाच वर्षं दुष्काळ आणि मग एकदम दीडशे पैसे!

थोडं पुढे एका झाडाच्या बेचक्यात परातीएवढं नेचं बसलं होतं. मी लगेच ‘अतिक्रमण’ म्हणालो. नातीने दुरुस्ती केली. ते झाडाचं काही खात नाही; नुसतं बसायला जागा घेतं. वरून पडणारी वाळकी पानं आपल्या टोपल्यात झेलतं, ती तिथेच कुजवतं आणि त्या खतावर जगतं. पुन्हा त्या टोपल्यात मुंग्या राहतात. सातबाऱ्यावर याची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात करावी लागेल. पण एकेका झाडावर असे हक्कदार इतके, की मालकाचं नाव लिहायला कागद पुरायचा नाही.

खरी कमाल वडा-उंबराच्या जातभाईची. पक्षी फळ खातो आणि उंच फांदीवर बी टाकून जातो. रोप वरच रुजतं, दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतं. मुळं जमिनीला टेकली की जाड होतात, एकमेकांत गुंततात आणि आधार देणाऱ्या झाडाला चहूबाजूंनी आवळतात. वर पानांचा पसारा त्याचं ऊन खातो. पुढे आतलं झाड मरून कुजून जातं आणि उरतो जाळीचा पोकळ बुंधा. मी त्या पोकळीत डोकं घालून वर पाहिलं; थेट आभाळ दिसलं. १९५० चा हैदराबाद कूळ कायदा आम्ही पाठ केलेला. पण ना नोटीस, ना सुनावणी, ना अपील, आणि कूळ इतक्या सफाईने मालक झालेलं प्रथमच पाहिलं.

सवयीने मी बुटाच्या टोकाने माती उकरली. बोटभर पाचोळा, आणि खाली पिवळट, निकस माती. आमच्याकडे हिला कोणी गहाणसुद्धा घेतलं नसतं. हे सगळं वैभव उभं कशावर? तर उलाढालीवर. पान पडलं की बुरशी आणि वाळवी ते लगेच कामाला लावतात आणि वरवर पसरलेली मुळं माल उचलतात. जमिनीत शिल्लक नाही आणि कोणाकडे थकबाकीही नाही. आमची काळी माती कसदार, सगळं पोटात साठवून बसलेली. पण वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही आला तर. तिथे तिपटीने, आणि बारा महिने. कस आमच्याकडे, ओल त्यांच्याकडे. हा फेरफार कोणत्याच कचेरीत मंजूर होण्यासारखा नाही.

रविवारी बोटॅनिक गार्डनमध्ये गेलो. १८५९ सालची ही बाग २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. १८८८ मध्ये हेन्री रिडली इथे प्रमुख म्हणून आला. झाड न मारता रबराचा चीक काढायची रीत त्याने बसवली. मळेवाल्यांच्या मागे तो रबर लावा म्हणून इतका लागायचा की लोक त्याला वेडा रिडली म्हणत. शंभरी गाठली त्याने, आणि ८३व्या वर्षी लग्न केलं.

“बघ,” मी हिला म्हणालो, “झाडांत राहिलं की माणूस कसा तरुण राहतो.”

“तरुण कुठला? ८३व्या वर्षीसुद्धा चहा आयता लागला असेल.”

गणपती आले तेव्हा दूर्वा हव्या होत्या. एवढं हिरवंगार जंगल दाराशी, पण दूर्वा नाही. असेल कशी? वरच्या छतातून जमिनीवर दोनेक टक्केच ऊन पोचतं, आणि दूर्वेला लागतं लख्ख ऊन. शिवाय तिथे पान तोडलं तरी दंड. पहाटे शेजाऱ्याच्या कुंपणातली जास्वंद खुडण्याची आमची वैदिक परंपरा तिथे गुन्ह्यात बसते. शेवटी लिटल इंडियातून एकवीस दूर्वांची जुडी आणली. हिने दर विचारला, त्याचे मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्चीत बसली. ही दूर्वा आमच्या गल्लीत रिकाम्या प्लॉटवर, नालीच्या कडेला, पाणी न घालता येते आणि गाढवंसुद्धा तिला फारसा भाव देत नाहीत.

मी त्याच दिवशी आमच्या गल्लीची पैसेवारी पूर्ण शंभर पैसे लावून टाकली. हरकती मागवल्या नाहीत.