गोळी आणि गोळे

जालन्याच्या मोतीबागेत सकाळी बाकावर टाच टेकवून, दात-ओठ खात पोटरी ताणणारा पन्नाशीपुढचा गृहस्थ दिसला, तर तो व्यायाम करतोय असे समजू नये. तो पुरावा गोळा करत असतो. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू होऊन त्याला महिना झालेला असतो आणि पायात येणारा प्रत्येक गोळा तो त्या गोळीच्या नावावर मांडतो. उभे आयुष्य आडतीत गेलेल्या माणसाचा हिशेब चोख असणारच. फक्त खाते एकच उघडलेले असते. कालपर्यंत जिन्यात दोनदा थांबायला लावणारे दुखणे वयाचे होते, आज तेच औषधाचे झाले. बलोपासना सांगणारे समर्थ रामदास याच जिल्ह्यातल्या जांबचे, हे त्याला अचानक आठवते आणि आयुष्यात कधी न वाकलेला हा देह पहिल्याच दिवशी पंचवीस सूर्यनमस्कार घालतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. दोष अर्थात गोळीचा. मग उतारा म्हणून आणखी ताण देणे आले. वास्तविक नव्या व्यायामानंतरचा ठणका ताण दिल्याने फारसा कमी होत नाही, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. पण बाकावर पाय ठेवला की चार माणसे चौकशी करतात, हा लाभ कोणत्याही अभ्यासात मोजलेला नाही.

याचे दुखणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. दुखणे खरे आहे, आरोपी बहुतेक वेळा चुकीचा आहे. स्टॅटिनच्या, म्हणजे याच कोलेस्टेरॉलच्या गोळीच्या, १९ चाचण्यांतल्या सुमारे १ लाख २४ हजार लोकांची माहिती २०२२ साली एकत्र तपासली गेली. खरी गोळी घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या तक्रारी केल्या आणि औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २६.६ टक्के लोकांनी. थोडक्यात, औषध पोटात जावो न जावो, चारांतल्या एकाचे अंग दुखतेच. यावर आपला गृहस्थ हसतो. 'चाचणीत धडधाकट माणसं घेतात हो, आमच्यासारखे त्रासलेले कुठं असतात?' आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी नेमके असेच ६० जण निवडले, त्रासाने गोळी सोडून दिलेले. वर्षभरात त्यांना चार महिने खरी गोळी, चार महिने नकली आणि चार महिने काहीच नाही, अशी उलटसुलट पाळी दिली. शंभरपैकी त्रासाचे सरासरी गुण भरले ते असे: काही न घेता ८, नकली गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. 'पण गोळी बंद केली की दोन दिवसांत बरं वाटतं, त्याचं काय?' नकली गोळी बंद केल्यावरही तितकेच लवकर बरे वाटले.

तरी गोळीला निर्दोष सोडता येत नाही. थोड्या लोकांना तिच्यामुळेच त्रास होतो; क्वचित स्नायू इतके झिजतात की लघवी काळपट होते, आणि तेव्हा बागेत नव्हे, तातडीने दवाखान्यात जायचे असते. काही प्रतिजैविकांशीही तिचे पटत नाही. डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळी बदलतात, थायरॉइड तपासतात. हे सगळे मार्ग या गृहस्थाला साधे वाटतात. त्याने मोबाइलवर आलेल्या संदेशावरून मोसंबी बंद केलेली असते, तीही भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची! गोळीसोबत टाळण्याचा मूळ इशारा ग्रेपफ्रूटचा, जे फळ त्याने उभ्या जन्मात पाहिलेले नाही. कचोरीबद्दल कुठलाही संदेश न आल्यामुळे ती चालू आहे.

शेवटी डॉक्टर रक्तातले सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारे द्रव्य, तपासायला सांगतात आणि आधी काही दिवस जोराचा व्यायाम नको, असे बजावतात. कारण सवय नसलेल्या कष्टानेच तो आकडा वाढतो. गृहस्थ एवढे वाक्य सोडून बाकी सगळे ऐकतो, पहाटे पंचवीस नमस्कार घालून थेट प्रयोगशाळेत जातो, आणि संध्याकाळी वाढलेला आकडा हाती पडताच, पोराचा दहावीचा निकाल दाखवावा तसा, तो अख्ख्या गल्लीला दाखवत फिरतो.