पाहुणा कलाकार आवळा

मराठी माणूस वाचत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी वांद्र्याच्या हिल रोडवर यावं. प्रसाधनांच्या दुकानात माणसं चष्मा कपाळावर चढवून, बाटली नाकाशी धरून, मागचा मजकूर अक्षर अक्षर लावत उभी असतात. एवढ्या एकाग्रतेनं पूर्वेच्या साहित्य सहवास या लेखकांच्या वसाहतीतही कुणी वाचत नसेल. बरं, मजकूर निम्मा लॅटिन. 'कोकोस न्युसिफेरा' म्हणजे खोबरेल, 'कार्थॅमस टिंक्टोरियस' म्हणजे आपली करडई, आणि 'रिसिनस कम्युनिस' म्हणजे ज्याचं नाव निघताच लहानपणी आपण माळ्यावर लपायचो ते एरंडेल. सर्वांत ऐटीत असतं 'गार्सिनिया इंडिका सीड बटर'. कोकमाच्या बियांतून निघणारं हे तेल थिजतं, कोकणात त्याचे मुठीएवढे गोळे वळतात आणि थंडीत ते वितळवून टाचांच्या भेगांत भरतात. पाली हिलवर तेच ओठांना लावतात. टाचेवरून थेट ओठांवर, अशी बढती मंत्रालयातसुद्धा कुणाला मिळालेली ऐकिवात नाही.

या वाङ्मयप्रकाराचं व्याकरण सोपं आहे. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं छापायचे, 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले हवे तसे. 'हवे तसे' या दोन शब्दांवर किती संसार चालले आहेत! बाटलीच्या पुढच्या अंगाला पिवळाधमक आवळा, त्यावर दवबिंदू. मागे वळवा. आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग उच्चार न जमणारी चार-पाच मंडळी, मग फिनॉक्सिइथेनॉल, आणि त्यानंतर कुठंतरी 'फायलँथस एम्ब्लिका', म्हणजे आपला आवळा. फिनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक नियमानं 1 टक्क्यापर्यंतच घालता येतं. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला आवळा किती असेल, हा हिशेब तिसरीतलं पोरही करील. निम्मी सिनेसृष्टी जिथं राहते त्या वांद्र्याला हे नवीन नाही: पोस्टरभर चेहरा आणि पिक्चरमध्ये पाहुणा कलाकार. सगळेच पाहुणे निकामी असतात असं नव्हे. सुरकुत्यांवरचं रेटिनॉल 1 टक्क्याच्या आत राहूनच काम करतं. पण दवबिंदू काही रेटिनॉलवर काढत नाहीत.

आता अँटिऑक्सिडंटांकडे वळू. दुकानातली मुलगी लाघवी असते. "सर, यात व्हिटॅमिन ई आहे. वय दिसत नाही." कुणाचं, हे ती सांगत नाही. करडई, सूर्यफूल, जवस या तेलांतल्या असंतृप्त मेदाम्लांना हवा लागली की तेल खवट होतं. ते होऊ नये म्हणून त्यात किंचित टोकोफेरॉल घालतात. व्हिटॅमिन ई ते हेच. यादीच्या तळाशी बसलेलं टोकोफेरॉल बहुतेक वेळा तेलाच्या राखणीला ठेवलेलं असतं. तुमच्या गालाशी त्याचा संबंध जेमतेम. पगार मात्र तुमच्या खिशातून.

हे वाचून 'आमच्याकडे सगळं होतंच' पंथाच्या लोकांनी छाती फुगवू नये. खोबरेलात सुमारे 90 टक्के मेदाम्लं संतृप्त, म्हणून ते टिकतं, हे खरं. पण तेच तोंडाला थापून कित्येकांनी मुरुमांची बाग फुलवली आहे. लिंबू चोळून उन्हात हिंडलात तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात. लिंबाच्या आणि लव्हेंडरच्या 'नैसर्गिक' सुगंधातले लिमोनिन आणि लिनालूल हवेनं बिघडले की अंगावर पुरळ उठवतात. निसर्गाला तुमच्या कांतीची काळजी असते, ही समजूत जाहिरातवाल्यांनी करून दिलेली आहे.

आणि खोबरेल म्हणजे नेमकं काय, हे तरी कुठं कुणाला ठाऊक होतं? खाण्याचं म्हटलं तर जीएसटी 5 टक्के, केसांचं म्हटलं तर 18. लहान बाटलीतलं तेल पोटाचं की डोक्याचं, यावर 2018 साली सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींचंही एकमत झालं नाही. अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींनी निवाडा दिला: बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल डोक्याचं ठरत नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये केसांच्या तेलावरचा करही 5 टक्क्यांवर आला आणि एवढा रंगलेला वाद सरकारनं निकालात काढला.

या सगळ्यावर लक्ष ठेवणारं राज्याचं अन्न व औषध प्रशासनही वांद्र्यातच आहे, पण पूर्वेला, वांद्रे-कुर्ला संकुलात. दुकानं पश्चिमेला. मध्ये रेल्वेचे रूळ. संध्याकाळी सहानंतर ते ओलांडण्याची ताकद कायद्यातही नसावी.

यादी वाचायला शिकलेल्यांनी एक चित्रही पाहावं: उघड्या झाकणाची इवलीशी डबी आणि त्यात '6एम'. उघडल्यापासून सहा महिन्यांत संपवा, असा त्याचा अर्थ. मराठी घरात मात्र महाग बाटली रोज वापरायची नसते. ती कार्याला काढायची. आमच्या शेजारच्या वहिनींनी व्हिटॅमिन सीचं सीरम उघडून, पुतणीच्या साखरपुड्यापुरतं लावून, उरलेलं तिच्या लग्नासाठी कपाटात जपून ठेवलं. लग्न वर्षभरानं झालं. तोवर पाण्यासारखं सीरम काढ्याच्या रंगाचं झालं होतं. हवेनं व्हिटॅमिन सी बिघडलं की असंच होतं, हे मी त्यांना शास्त्रासकट समजावून सांगितलं. त्यांनी बाटली उजेडात धरली, समाधानानं हलवली आणि म्हणाल्या, "बिघडतंय कसलं भाऊजी, मुरलंय ते!"