मे महिन्यातला एक मूर्खपणा

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाला स्वतंत्र समास दिला. दोन्ही याद्या भरगच्च आहेत. तरी एक माणूस त्यांतून सुटला आहे. महाराष्ट्रदिनाचे झेंडावंदन झाले, निकालपत्रके वाटून झाली, पोरे घराकडे पळायच्या बेतात आहेत, आणि हा गृहस्थ शाळेतले पुस्तकांचे कपाट उघडून नववीच्या मुलांना सांगतो आहे, "एकेक घेऊन जा. सुट्टीत वाचा. यावर परीक्षा नाही, वहीत काही लिहून आणायचे नाही." असा शिक्षक मूर्ख, याबद्दल गावात दुमत नसते. माझेही नाही. मी त्याची स्तुती करायला बसलो आहे.

गाव धरूनच बोलू. कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे, मराठवाड्याच्या अगदी कडेचे गाव. पैनगंगेपलीकडे वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि अकरा वाजल्यानंतर माणसे सावली धरून बसतात. हळदीचा हंगाम उरकत आलेला असतो. शिजवून वाळवलेली हळद ढोलात घालून पॉलिश करायची, पोत्यांत भरायची, हिंगोलीच्या नाहीतर वसमतच्या बाजारात न्यायची. त्यात लग्नसराई. नववीतल्या मुलाला पंगतीत वाढायला, पाणी आणायला, ट्रॅक्टरवर हाताखाली, कुठेही धरता येते. मुलीला तर सुट्टी अशी लागतच नाही, फक्त शाळा बंद होते. जून जवळ आला की बियाणे, खते आणि पीककर्जाची धावपळ. अशा घरात ओसरीवर पुस्तक घेऊन पडलेले पोर दिसले की "याला काय कामधंदा नाही का?" हा प्रश्न निघणारच. तो रास्तही आहे. ज्या घरात दिवसाच्या मजुरीवर रात्रीची चूल ठरते, तिथे वाचणाऱ्या पोराचा दिवस फुकट गेलेला दिसतो, कारण त्या दिवसाने घरात एक रुपयाही आणलेला नसतो.

शिकल्या-सवरल्या घरांचा शहाणपणा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचतो. तिथे नववीची परीक्षा संपली की दहावी सुरू होते. जादा तास लागतात. ज्यांना झेपते ते मुलाला नांदेडला किंवा लातूरला क्लासला धाडतात. आणि त्यांच्याकडे आकडे असतात. दहावीच्या मराठी प्रथम भाषेची प्रश्नपत्रिका ८० गुणांची, त्यात स्थूलवाचनाला ६ गुण. स्थूलवाचनाचे पाठसुद्धा कुमारभारतीतच छापलेले आहेत आणि त्यांच्या टिपा प्रश्नसंचात तयार मिळतात. म्हणजे पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान उलटल्याबद्दल मंडळ किती गुण देते? शून्य. शून्य गुणांसाठी दोनशे पाने वाचणे कोणत्याही गणितात बसत नाही. या बापाला खोटे पाडता येत नाही. त्याची बेरीज बरोबर आहे.

मूर्ख शिक्षकालाही ही बेरीज येते. तो फक्त तिच्यातले एक गृहीत काढून दाखवतो. पाठ्यपुस्तक नऊ वर्षे वाचलेल्या मुलाला वाचता येतच असणार, या भरवशावर सगळा हिशेब उभा आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात देशातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना आपापल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला होता. साधारण चौथ्या हिश्शाच्या मुलांना तो अडखळल्याशिवाय वाचता आला नाही. ही मुले प्रश्नसंच पाठ करू शकतात. पण पानभर मजकूर आपला आपण वाचून पुढचे पान उलटावे, असे त्यांना कधी वाटलेच नाही. ते वाटावे म्हणून मे महिना लागतो, आणि ज्यावर काहीच अवलंबून नाही असे पुस्तक लागते.

सुट्टी साधारण सहा आठवड्यांची. सहा साते बेचाळीस. 'श्यामची आई'त बेचाळीस रात्री आहेत. साने गुरुजींनी त्यांतल्या बहुतेक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढल्या. कोणा शिक्षणाधिकाऱ्याने मराठवाड्याची सुट्टी मोजून पुस्तक बेतायला सांगितले असते तरी इतके नेमके बसले नसते. दुपारी वाचणे उन्हामुळे आणि कामामुळे होत नाही, हे मान्य. पण रात्री जेवणे झाल्यावर अंथरुणे अंगणात किंवा माळवदावर पडतात, वीज गेलेली असते किंवा असूनही पंख्याखाली बसवत नाही, तेव्हा मोबाईलच्या उजेडात एक रात्र वाचून होते. मोठ्याने वाचली तर शाळा न पाहिलेली आजी ऐकते, धाकटी ऐकते, शेजारच्या गच्चीवरचे हळूच गप्प होतात. एका पुस्तकामागे पाच-सहा वाचक पडतात, आणि नोंदवहीत नाव एकाचेच.

सगळ्यांनी 'श्यामची आई'च घ्यावी असा माझा आग्रह नाही. माझा खरा आग्रह दुसऱ्याच पुस्तकाचा आहे: रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', १९७१ ची. गावातल्या शिंप्याच्या घराची पडझड त्याची बायको सांगते, आणि ती मराठवाड्यातल्या बाईसारखी बोलते. कनेरगावच्या मुलीने आजवर छापलेली मराठी पाहिली ती वर्गात उभे राहून वाचायची, जपून उच्चारायची. घरी तिची आई बोलते ते 'अशुद्ध', असे तिला कोणी ना कोणी सांगितलेले असते. आणि इथे पानामागून पान तिच्या आईसारखी, मावशीसारखी बाई बोलते आहे, तिचे दुःख कोणी दुरुस्त करायला आलेले नाही, आणि ते पुस्तक म्हणून बांधलेले आहे. या एका धक्क्यासाठी माझ्या मते सबंध सुट्टी खर्ची पडली तरी चालेल. मुलांना लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' द्यावे, अण्णा भाऊंची 'फकिरा' द्यावी, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्यावी. ती तर एका तरुण मास्तराच्याच नजरेतून लिहिलेली आहे. ज्याला एवढे झेपत नाही त्याला 'किशोर'चे जुने अंक. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाईल सुटत नसेल तर मोबाईलवर हे वाचा, असे सांगण्याइतका व्यवहार मूर्खालाही कळतो.

या भागात असल्या मूर्खांची परंपरा जुनी आहे. नदीपलीकडे वऱ्हाड इंग्रजांच्या हाताखाली होते आणि अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. संस्थानात दरबार उर्दूचा, कचेरी उर्दूची. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचेही माध्यम उर्दू. मराठी पुस्तक वाचून नोकरी मिळत नव्हती, पदवी मिळत नव्हती, आणि चार माणसे जमवून वाचन केले तर पोलिसांची नजर मात्र मिळे. आजच्या भाषेत, मराठी वाचनाला शून्य गुण होते. तरी १९०१ साली परभणीत गणेश वाचनालय निघाले, आणि मराठवाड्यात ठिकठिकाणी लोकांनी वर्गण्या काढून वाचनालये उभी केली. त्या वाचनालयांत बसून वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचणाऱ्यांतूनच पुढे संस्थानाविरुद्धचे कार्यकर्ते तयार झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपले. हिंगोली त्या वेळी परभणी जिल्ह्यातच होती. वेगळा जिल्हा १ मे १९९९ ला झाला. म्हणजे गणेश वाचनालयाचा मूर्खपणा हा कनेरगावचाही वारसा आहे आणि त्याच्यावर हक्क सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

सीमेवरच्या गावाची आणखी एक गंमत आहे. विदर्भाचे ऊन कडक म्हणून तिथल्या शाळा उशिरा उघडतात. २०२३ साली उरलेल्या महाराष्ट्रात शाळा १५ जूनला सुरू झाल्या, विदर्भात ३० जूनला. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर ऊन तेच, पण पलीकडच्या पोराला पंधरा दिवस जास्त. वाशीमकडच्या मूर्ख शिक्षकाने दोन पुस्तके द्यावीत, हे ओघाने आलेच.

आता या मूर्खपणात शहाणपण मिसळले की काय होते ते सांगतो, कारण खरा धोका तिथे आहे. पुस्तक दिले की शाळेला वाटते, वाचले कशावरून? मग सारांश लिहून आणा, किमान वीस ओळी. आवडलेल्या पात्राचे वर्णन. पाच सुविचार. पालकांची सही. मुले लगेच ओळखतात की हा नेहमीचाच अभ्यास, फक्त उन्हात करायचा; आणि पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर उतरवून मोकळी होतात. राज्य सरकारचा महावाचन उत्सव चांगल्या हेतूचा आहे आणि त्याने पुष्कळ शाळांतली कपाटे उघडली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण वाचलेल्यावर लिहून ते संकेतस्थळावर चढवायचे, ही अट मुलांच्या आधी शिक्षकांना दमवते. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालाही फोटो निघेपर्यंतच पुस्तके हातात राहतात. पुराव्याशिवाय वाचन होते यावर विश्वास ठेवणारा कोणीतरी लागतो, आणि विश्वास ठेवायला मूर्खच लागतो.

अमेरिकेत उन्हाळी वाचनाच्या याद्या हायस्कुलांतून सर्रास देतात आणि मुले तिथेही टाळाटाळ करतात. पण फ्लोरिडात रिचर्ड ॲलिंग्टन आणि ॲन मॅकगिल-फ्रँझेन यांनी गरीब वस्त्यांतल्या प्राथमिक शाळांच्या मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तके दिली. पुस्तके मुलांनी स्वतः निवडायची होती. त्या मुलांचे वाचन बाकीच्यांपेक्षा सुधारले. उन्हाळी वर्ग भरवून होतो तेवढा फायदा नुसत्या पुस्तकांनी झाला. तेव्हा आपल्या शिक्षकाने कपाट उघडून बाजूला उभे राहावे आणि 'फकिरा' घेणाऱ्याला 'चांदोबा' हवा असेल तर घेऊ द्यावा.

कपाट उघडण्याची भीती मला कळते. पुस्तके साठा नोंदवहीत चढलेली असतात. हरवले तर जबाबदारी शिक्षकाची, तपासणीला साहेब आले तर उत्तर त्याने द्यायचे. म्हणून कपाटाला कुलूप असते आणि पुस्तके कोरी राहतात. कोऱ्या पुस्तकांबद्दल कोणाला नोटीस आल्याचे मी ऐकलेले नाही. फाटक्या पुस्तकाबद्दल येऊ शकते.

तरीही पुस्तक परत करायची तारीख घालून द्यावे, आणि मुलींना तर नक्की द्यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्ने अठराच्या आत झालेली होती. शेजारच्या परभणी जिल्ह्यात ४८ टक्क्यांची. ही लग्ने बहुतेक याच सुट्टीत ठरतात आणि उरकतात. नववीची मुलगी मे महिन्यात घरात 'मोकळी' दिसते, पाहुणे येतात, आणि जूनमध्ये हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ येते. एका पुस्तकाने लग्न थांबते, असा भ्रम मला नाही. पण "सरांचं पुस्तक जूनमध्ये परत द्यायचंय" हे वाक्य त्या मुलीच्या तोंडी असते, तेव्हा ती दहावीत बसणार हे तिने घरात बोलून दाखवलेले असते, तेही भांडण न करता. आणि जूनमध्ये पुस्तक आले नाही, तर शिक्षकाला त्या घरी जायला एक सबळ, कोणाला न दुखावणारे कारण असते: पुस्तक न्यायला आलो. गेल्यावर मुलीची चौकशी करावी, तिला विचारावे, आणि घरात लग्नाची बोलणी दिसली तर १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लावावा. एवढ्यासाठी एखादे 'पाचोळा' कायमचे गेले तरी माझी तक्रार नाही.

म्हणून शिक्षण विभागाकडे एकच मागणी करतो. साठा नोंदवहीत 'गहाळ', 'जीर्ण', 'निर्लेखित' असे शेरे मारायची सोय आहे. त्यांत 'वाचनात गेले' हा शेरा मान्य करावा, आणि त्या शेऱ्याच्या पुस्तकाची वसुली शिक्षकाच्या पगारातून करू नये. परिपत्रक एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात निघाले पाहिजे. मेमध्ये निघाले तर कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांबरोबर गावाला गेलेली असेल.