आइनस्टाइनपेक्षा दोनने जास्त

वर्षातून दोन-तीनदा तरी ही बातमी पेपरात येतेच. इंग्लंडात राहणारी भारतीय वंशाची दहा-अकरा वर्षांची मुलगी, मेन्साच्या बुद्धिमत्ता चाचणीत १६२ गुण आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य : आइनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांच्यापेक्षा दोनने जास्त. फोटोत मुलगी हसत असते, आईवडील तिच्याहून जास्त. सकाळी साडेआठला ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येते. तिच्याखाली अंगठे उमटतात, जोडलेले हात उमटतात, एक-दोन तिरंगे फडकतात आणि त्या संध्याकाळी बिल्डिंगमधली यच्चयावत दहा-अकरा वर्षांची पोरं काही कारण नसताना बोलणी खातात.

आइनस्टाइनने अशी कुठली चाचणी दिल्याची नोंद नाही. त्याच्या नावावरचा १६० हा आकडा कुणीतरी मागाहून अंदाजाने चिकटवलेला आहे. म्हणजे ज्या परीक्षेला तो कधी बसलाच नाही, तिच्यात तो बिचारा दरवर्षी दोन गुणांनी मागे पडतो आणि तेही पाचवीतल्या मुलांकडून. दुसरं म्हणजे १६२ हा ब्रिटनमधल्या कॅटेल चाचणीत अठरा वर्षांखालच्यांना मिळू शकणारा सगळ्यात मोठा गुण. मोठ्यांसाठी तीच मर्यादा १६१. माणूस वयात आला की एक गुण कमी होतो, हे मात्र आमच्या निरीक्षणाशी जुळतं. शिवाय कॅटेलच्या पट्टीवर १४८ म्हणजे जे डोकं, तेच वेक्सलर नावाच्या दुसऱ्या चाचणीच्या पट्टीवर १३०. त्या हिशोबाने १६२चे साधारण १३९ होतात. डोकं तेच, पट्टी बदलली. पण ‘आइनस्टाइनपेक्षा एकवीसने कमी’ असा मथळा कोण छापणार?

मेन्सा म्हणजे हुशार लोकांचा क्लब. १९४६ साली ऑक्सफर्डमध्ये निघाला. काढणारे दोघे : रोलंड बेरिल नावाचे बॅरिस्टर आणि लान्सलॉट वेअर नावाचे शास्त्रज्ञ. दोघांची ओळख आगगाडीत झाली होती. आगगाडीतल्या ओळखीतून आपल्याकडे फार तर स्थळं निघतात. त्यांनी संस्था काढली. सभासद व्हायची अट एकच : मान्यताप्राप्त चाचणीत लोकसंख्येतल्या वरच्या दोन टक्क्यांत यायचं. जात, धर्म, पक्ष, पदवी काही विचारणार नाहीत. बेरिलसाहेबांच्या मनात बुद्धिमंतांचं एक खानदानी मंडळ होतं. प्रत्यक्षात निवडून आलेले बरेचसे लोक साध्या घरांतले निघाले, त्याने साहेब खट्टू झाले म्हणतात. वेअरसाहेबांची खंत वेगळी. एवढे हुशार लोक जमवले आणि त्यातले कितीतरी जण कोडी सोडवत बसतात, असं त्यांचं म्हणणं. आज जगभरात या क्लबचे सुमारे दीड लाख सभासद आहेत. वर्गणी दरवर्षी भरावी लागते. हुशारी तीच राहते, पावती नवी.

दोन टक्के म्हणजे किती, याचा हिशोब आम्ही लगेच केला. आमच्या सोसायटीत अडीचशे माणसं धरली, तर पाच. हा आकडा ग्रुपवर टाकल्यावर कुणीच हरकत घेतली नाही. प्रत्येकाने स्वतःला धरलेलंच होतं. मतभेद फक्त उरलेले चार कोण यावर होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइलवर कुठलीशी चाचणी देऊन १३८ गुण मिळवले होते आणि त्याचं प्रमाणपत्र डीपीला लावलं होतं. मोबाइलवरच्या या चाचण्यांत शंभराच्या खाली कुणीच कसं येत नाही, हा प्रश्न त्या १३८ना पडला नाही. क्लबवाले असली प्रमाणपत्रं मानत नाहीत. पर्यवेक्षकासमोर बसून परीक्षा द्यावी लागते. हे काकांना सांगितल्यावर, ‘आपल्याला काय कुणाला सिद्ध करून दाखवायचंय?’ असं ते म्हणाले आणि डीपी तसाच ठेवला.

दोन टक्के म्हणजे फारच गर्दी झाली, असं वाटणारेही असतात. त्यांच्यासाठी इंटरटेल आहे, तिथे वरचा एक टक्का. तिथेही गर्दी वाटली तर ट्रिपल नाइन, हजारात एक. आणि त्याच्याही वर मेगा सोसायटी, दहा लाखांत एक. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास, म्हणजे अख्ख्या राज्यातून या मेगात जेमतेम ११२ जण बसतील. ११२ मराठी माणसं एका संस्थेत आली की काय होतं, हे सांगायला बुद्ध्यंक लागत नाही. पहिल्या वार्षिक सभेत घटनादुरुस्ती होते आणि दुसऱ्या सभेच्या आधी ५६ जणांची दुसरी संस्था निघते.

आयझॅक असिमोव्ह हे विज्ञानकथांचे बादशहा मेन्साचे उपाध्यक्ष होते. त्यांनी सैन्यातली एक हकिकत लिहून ठेवली आहे. तिथल्या चाचणीत सर्वसाधारण शंभराच्या जागी त्यांना १६० मिळाले. असा आकडा छावणीत कुणी पाहिलेला नव्हता. दोन तास कौतुक चाललं. दुसऱ्या दिवशी ते होते तिथेच, साधे शिपाई, आणि त्यांची सर्वांत मोठी जबाबदारी होती मुदपाकखान्यातली कामं. सैन्याला माणसाची पारख असते, ती अशी.

आता स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर थोडं तिथेच थांबू.

जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६मध्ये मांडलं की माणूस एका वेळी मनात सातच्या आसपास गोष्टी धरून ठेवू शकतो. दोन इकडे, दोन तिकडे. मिलरसाहेब सकाळी सव्वासातला आमच्या स्वयंपाकघरात आले नव्हते. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर दूध, कणीक मळून झाकलेली, कानाला मोबाइल आणि मोबाइलवर नाशिकची मावशी. मावशीच्या जावेच्या मुलाचं कुठे जमलं आणि का मोडलं, याची तपशीलवार उलटतपासणी चालू आहे. एक नजर मुलाच्या डब्यावर आहे, दुसरी घड्याळावर आणि दारावरची बेल म्हणजे कचरेवाला की पेपरवाला हे ती वाजण्याच्या पद्धतीवरून ठरलेलं आहे. याच वेळी कुकरपासून दोन फुटांवर, ओट्याला टेकून, इंजिनिअर झालेला एक गृहस्थ चहा पीत उभा आहे. अचानक फोनवरून हात न हलवता, मावशीचं वाक्य न तोडता आदेश येतो : ‘तिसरी झाली. बंद करा.’ गृहस्थ दचकतो. त्याच्या लेखी अजून एकच शिट्टी झालेली असते. तीही त्याला बाहेरच्या रिक्षाची वाटली होती.

‘तिसरी झाली’ हे कसं कळलं, विचारून बघा. ‘वासावरून,’ असं उत्तर येतं. कॅटेलमध्ये हा प्रश्न नाही, वेक्सलरमध्येही नाही.

चाचण्यांत एक प्रकार असतो : तीन ओळी, तीन रकाने, आठ चौकटींत आकृत्या आणि नववी रिकामी. रेव्हन नावाच्या इंग्रज गृहस्थाने १९३८मध्ये हा प्रकार रूढ केला. आकृत्यांमागची संगती ओळखायची आणि नववीत काय येईल ते सांगायचं. आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात श्रीखंडाचे नऊ डबे आहेत. सगळे केशर-इलायची. एकातही श्रीखंड नाही. एकात निवडलेली कोथिंबीर, एकात तीन दिवसांची साय, एकात वाटलेलं आलं-लसूण, एकात कालची आमटी, एकात परवाची, एकात भिजवलेली मटकी, एकात निम्मं लिंबू, एकात पोळीच्या लाट्या. घरातली बाई डबा न उघडता, झाकणाच्या बसण्यावरून, नेमका हवा तो काढते. मी आणि चिरंजीव आठ डबे उघडून, आठ झाकणं ओट्यावर मांडून, शेवटी ‘कुठे ठेवलंय गं?’ असं ओरडतो. चिरंजीवांना मात्र स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये याच नऊ चौकटींत वीसपैकी एकोणीस आहेत. आणि नववा डबा? तो दिवाळीपासून तिथे आहे. तो उघडायचा नाही, हे घरात सगळ्यांनाच कळतं. एवढी हुशारी सार्वत्रिक आहे.

आणखी वरची पातळी हवी असेल तर परत करायच्या डब्याचं गणित घ्या. समोरच्या वहिनींनी अळूवड्या पाठवल्या. डबा रिकामा परत करता येत नाही. त्यात जे जाईल ते अळूवड्यांपेक्षा फार भारी नको, तसं केलं तर वहिनींना ओझं वाटेल. फार हलकं नको, मग बोलणं होईल. बाहेरून आणलेलं नको. त्यांच्याकडे चतुर्थी आहे का बघायला हवं. त्यांच्या सासूबाईंना शुगर आहे. गेल्या खेपेला आपण नारळाच्या वड्या दिल्या होत्या, त्या पुन्हा नकोत. आणि उशीर झाला तर त्यांचा दुसरा डबा येऊन पडेल आणि उधारी दुप्पट होईल. एवढ्या अटींचं गणित कागदावर मांडायला घेतलं तर पान पुरणार नाही. ते दुपारी पंखा लावून आडवं पडल्या पडल्या सुटतं आणि साडेचारला मुलाच्या हातून डाळवांगं रवाना होतं. उत्तर बरोबर आलं की नाही, हे वहिनींच्या दारातल्या ‘अगं बाई, कशाला!’च्या सुरावरून कळतं.

यात चाचण्या काढणाऱ्यांचा दोष किती, हा वेगळा प्रश्न. आल्फ्रेड बिने या फ्रेंच माणसाने १९०५मध्ये पहिली उपयोगी चाचणी केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून मदत करता यावी म्हणून. चाचणी अमेरिकेत गेली आणि हेतू उलटा झाला : मागे कोण राहिलं हे सोडून पुढे कोण आहे याचा शोध सुरू झाला. तिथे टर्मन नावाच्या प्राध्यापकांनी १९२१पासून असामान्य मुलं निवडून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवलं. गुण कमी पडले म्हणून त्यांनी ज्यांना घेतलं नाही, त्यांत शॉक्ली आणि अल्वारेझ होते. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८मध्ये. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळालं नाही. बिनेची चाचणी आपल्याकडेही आली, वि. वि. कामत यांनी धारवाडला बसून ती मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवली आणि कामतांच्या नावाने ती चाचणी कितीतरी वर्षं चालली. पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या आप्पा पेंडशांनी मेन्साला सदाशिव पेठेत आणलं. पुढे या मंडळींनी आदिवासी पाड्यांवर जाऊन तिथल्या मुलांतली हुशारी शोधायचा उपक्रम चालवला. या कामाची चेष्टा मी करणार नाही. ज्या मुलाला कुणी हुशार म्हटलेलंच नाही, त्याला कागदावर तसं लिहून देण्यात अर्थ आहे. चेष्टा करायची ती आमची, ज्यांना जन्मल्यापासून दुसरं काही म्हटलेलंच नाही.

न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की गेल्या शतकात या चाचण्यांतले गुण दर दहा वर्षांमागे सुमारे तीनने वाढत गेले. मागे मोजत गेलो तर आपले पणजोबा आजच्या पट्टीवर सत्तरच्या आसपास येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ असलेला, सावकाराचं व्याज तोंडी काढणारा, पाऊस कधी उघडेल ते गोठ्यातून न उठता सांगणारा माणूस सत्तर. आणि त्याचा पणतू, ज्याला तीनशे सत्तेचाळीस रुपयांचं बिल चौघांत वाटायला ॲप लागतं, तो शंभर. पाठांतर म्हणजे बुद्धी नव्हे, हे मला मान्य आहे. पण मग पणतूचं पाठ काय आहे? स्वतःचा मोबाइल नंबर. बायकोचा विचारू नका.

हे सगळं लक्षात घेऊन आमच्या सोसायटीत एक क्लब काढायचं ठरतंय. वर्गणी नाही, प्रमाणपत्र नाही, डीपीला लावण्यासारखं काहीही मिळणार नाही. प्रवेश परीक्षा रविवारी सकाळी अकराला, सी विंगच्या तळमजल्यावर. दोन शेगड्या, एक कुकर आणि एक सतत बोलणारी मावशी आयोजकांतर्फे पुरवली जाईल. पुरुष उमेदवारांना आपल्याच घरातला जिऱ्याचा डबा हाक न मारता शोधून आणण्यासाठी वीस मिनिटं जादा दिली जातील. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनीही जरूर बसावं. मोबाइल मात्र बाहेर ठेवावा लागेल. अर्जासोबत शेजाऱ्याचा परत करायचा राहिलेला एक डबा जोडावा. रिकामा डबा जोडलेले अर्ज बाद होतील.